लाल धाग्याचं पिल्लू

३ मार्च

शहाणे,

पत्राच्या सुरुवातीला काहीतरी गोड लिहावं म्हणतात. मला काही सुचलं नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

तुझं पत्र मिळालं. थोरली बहीण जिवंत आहे की मेली हे विचारायला चार वर्षांत तुला पेन सापडलं नाही. आता काम पडलं तर बसल्या बैठकीला सहा पानं! पाकिटावर वर ठळक अक्षरात ‘फक्त ताईने उघडावे’. पोस्टमनने ते नेमकं बाबांसमोर माझ्या हातात दिलं. बाबा म्हणाले, "कुणाचं?" मी म्हटलं, "बियाणंवाल्याचं." तुझ्यापायी सकाळी सकाळी बापाशी खोटं बोलले.

सहा पानांत तू जे मागितलंस ते मी एका ओळीत लिहिते, म्हणजे पुढे घोळ नको. तुझी कुत्री गाभण आहे. तिची पिल्लं कुत्री पाळणाऱ्यांच्या संघाच्या वहीत नोंदवायची तर तुला संघात परत घ्यायला हवं. तीस तारखेला त्यांची सभा आहे. आणि सेक्रेटरी म्हणतात की ज्या शेतावर तो प्रकार घडला तिथून ‘चूक हिची नव्हती’ असं लेखी आलं, तर तुझं नाव परत घालू. म्हणून मी लिहून द्यायचं की चूक माझी. आणि शेत बाबांच्या नावावर, म्हणून खाली सही बाबांची घ्यायची. इतकंच ना? मला वाटलं, एक मूत्रपिंड पण मागशील.

उत्तर: नाही.

आता कारण ऐक. कॉर्गी ही कुत्र्यांची जात या घरात कुणी आणली? मी. तू शाळेत होतीस. सफरचंदाच्या खोक्यातून आपली पहिली कुत्री, मालकीण, आली तेव्हा आजूबाजूचे शेतकरी पोट धरून हसले होते. म्हणाले, गाईंच्या राखणीला हे पायपुसणं? वीतभर पाय, हातभर अंग आणि कान मात्र आख्ख्या गावाचं ऐकायला उभे. महिन्याभरात तीच मालकीण गाईंच्या टाचांना हळूच दात लावून कळप गोठ्यात घालू लागली. गाय लाथ मारायची ती हिच्या डोक्यावरून जायची. मग हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. दीड-दोन वर्षांनी एक वेत, चार-सहा पिल्लं, आणि ती द्यायची ओळखीच्या, पारखलेल्या घरांत. धंदा नव्हता, छंद होता. माझा छंद. तू नंतर आलीस. वजनकाटा, वही आणि पिल्लं ओळखायला गळ्यात बांधायचे रंगीत लोकरीचे धागे घेऊन आलीस, आणि दोन वर्षांत लोक म्हणायला लागले, "धाकटीचा हात आहे हो कुत्र्यांना."

आणि त्या हाताने काय केलं? सहाव्या आठवड्यात म्हाताऱ्या डॉक्टरांनी लाल धाग्याच्या पिल्लाच्या हृदयात आवाज ऐकला. म्हणाले, हिला देऊ नका, दमवू नका, घरीच ठेवा. ती ठेवली. नारिंगी धाग्याचं पिल्लू शाळेतल्या बाईंच्या मुलीला दिलं, आणि ते सात महिन्यांचं असताना तिच्या सायकलमागे धावता धावता पडलं ते उठलंच नाही. त्याच्या तब्येतीच्या फॉर्मवर ‘हृदय ठीक’ असं कुणी लिहिलं होतं? डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस कोण होतं? सही कुणाची होती? दोन पिल्लांची हृदयं बिघडलेली होती, तुला एकच दिसलं, आणि निस्तरायची वेळ आली तेव्हा म्हणालीस, ताईने धागे बदलले. चोराच्या उलट्या बोंबा.

लाल धाग्याची अजून माझ्याकडे आहे. घरात सगळे तिला पेशंट म्हणतात. चार वर्षं तळहातावरच्या फोडासारखी जपली म्हणून ती जिवंत आहे. तू असतीस तर तिलाही ‘हृदय ठीक’ म्हणून पळवली असतीस.

पुन्हा लिहू नकोस.

— ताई


९ मार्च

शहाणे,

पुन्हा लिहू नकोस म्हटलं तर तू उघडं पोस्टकार्ड पाठवलंस! पोस्टमनने वाचलं असणार, दूधवाल्याने वाचलं असणार, आणि फाटकापाशी मीच होते म्हणून बाबांचं वाचायचं राहिलं. मुद्दाम केलंस. आणि त्यावर एकच ओळ: ‘पेशंटचं हृदय एकदा कुणाकडून तरी ऐकून घे.’

मोठी वकीलच लागून गेलीस!

हे बघ, तिचं हृदय मला ऐकायची गरज नाही. मी तिला रोज बघते. ती दुपारी तीन तास झोपते. गाईंकडे सोडली तर थांबून माझ्याकडे बघते. धापा टाकते. आता चार वर्षांत कधी धावूच दिलेली नाही तर दहा पावलांत धापा टाकणारच, असं तू म्हणशील, मला माहीत आहे तू काय म्हणशील ते. तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. तिला ना वेत होऊ दिलं, ना बाहेरच्या कुत्र्यांत मिसळू दिलं. जेवण वजन करून. उन्हाळ्यात फरशी ओली करून देते. दरवर्षीची लसही मी तिला दवाखान्यात नेऊन दिलेली नाही, उगाच दगदग नको म्हणून. कंपाउंडरला घरी बोलावते, तो सुई टोचतो आणि जातो. त्याच्याकडे हृदय ऐकायची नळी नसते.

म्हातारे डॉक्टर त्या प्रकारानंतर आपल्या फाटकाच्या आत आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दवाखाना बंद केला. आता एक नवीन डॉक्टरीणबाई आहेत. गाईंसाठी त्या येतात. त्या आल्या की पेशंटला मी पेंडीच्या खोलीत ठेवते. अनोळखी माणसाने ती बिथरते.

आणि आता तुझ्या त्या लाडक्या धाग्यांबद्दल. सातव्या आठवड्यात पिल्लांच्या माना भरतात, जुने धागे काचतात, ते बदलावे लागतात. तू भिंतीवर तुझ्या सुवाच्य अक्षरात नियम लावला होतास: ‘एक धागा कापा. लगेच त्याच रंगाचा नवा बांधा. मगच दुसरं पिल्लू उचला.’ जसं काही आम्ही सगळे बिनडोक. त्या दिवशी तुला दवाखान्यात उशीर झाला म्हणून मी बसले. अगदी नियमाप्रमाणे. सगळे सात धागे कापून झाले, म्हणजे एकेक कापून बांधून झाले, आणि तेवढ्यात बाबांनी हाक मारली की गाई मक्यात शिरल्या. मी गेले. परत आले. पिल्लं झोपली होती. काम झालेलं होतं. संपलं.

हा कागद फाडून पुन्हा लिहिणार होते. पण तुझ्यासाठी दोनदा लिहायला मी रिकामी नाही.

तुझ्या कुत्रीला कितवा आठवडा चाललाय? मला उत्सुकता नाही. फक्त तिला उडी मारू देऊ नकोस. एवढं तर तुला कळत असेल.

— ताई


१५ मार्च

धाकटीस,

तुझं कालचं पत्र वाचलं. या वेळी पाकिटात घातलंस, उपकार झाले.

तू लिहितेस की तुला माझ्याशी भांडायचं नाही, तुला फक्त पिल्लांना कागद मिळायला हवेत. खोटं. तुला भांडायचंच आहे. चार वर्षं तू ते ओठ घट्ट मिटून हिंडत असशील, तुझा तो चेहरा मला इथून दिसतो. लहानपणी मार खाल्लास की रडायचीस नाहीस, आणि मग आई मलाच ओरडायची की असं काय केलंस तिला, की ती रडतसुद्धा नाही.

पण मी काही दगड नाही. पिल्लांचा काय दोष? संघाची नोंद नसली तर चांगली घरं विचारत नाहीत आणि भलतीच माणसं दारात येऊन उभी राहतात, हे मला तुझ्याआधीपासून माहीत आहे. म्हणून मी मधला मार्ग काढलाय. असं लिहून देते:

‘चार वर्षांपूर्वी आमच्या शेतावर पिल्लांचे धागे बदलताना कोणाच्याही हातून अनवधानाने अदलाबदल झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी सदर प्रकरणी कोणा एका व्यक्तीस जबाबदार धरू नये, ही विनंती.’

बघ, कुणाचं नाव नाही, कुणावर बालंट नाही. बाबांची सही मी घेईन, त्यांना सांगेन की खताच्या अर्जाचा कागद आहे. ते चष्मा लावायचा कंटाळा करतात. सेक्रेटरींना एवढं पुरेल. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

मसुदा सोबत जोडला आहे. ‘हो’ एवढं लिहून परत पाठव. आभार नको मानूस, मला कसंतरी होतं.

— ताई


२० मार्च

तू ‘कोणाच्याही’ या शब्दाखाली एक रेघ मारून मसुदा परत पाठवलास. शिवी नाही, ओरड नाही, फक्त रेघ. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. मी लगेच दुसरी घातली असती.

आज हे लिहायला बसले तेव्हा ठरवून बसले की तुला काही सांगायचं नाही. पण सांगते, कारण सांगायला दुसरं कुणी नाही.

परवा दोन नंबरच्या गाईची कास सुजली. डॉक्टरीणबाई न कळवता आल्या, बाबांनी फोन केला होता. पेशंट ओट्यावर उन्हात होती. तिला आत घ्यायला मी धावले तोवर बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या होत्या, आणि ही बया त्यांच्या मांडीवर डोकं टेकून मोकळी. अनोळखी माणसाने बिथरते म्हणे!

बाई म्हणाल्या, "किती गोड! नाव काय हिचं?"

बाबा म्हणाले, "पेशंट. हृदय खराब आहे हिचं, जन्मापासून. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार वर्षं जपतोय."

"असं? बघू."

मी म्हटलं, "राहू द्या हो, गाईला आधी बघा, ती विव्हळतेय."

"एका मिनिटाचं तर काम आहे," म्हणत त्यांनी नळी लावलीसुद्धा. इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मला तेवढ्या वेळात फाटकाच्या सगळ्या पट्ट्या मोजून झाल्या, अकरा आहेत. मग त्या म्हणाल्या, "काही नाही हो. स्वच्छ आहे. जराही आवाज नाही. वजन तेवढं वाढलंय, पळवा हिला जरा."

बाबा म्हणाले, "म्हणजे बरी झाली?"

त्या म्हणाल्या, "ज्या आवाजासाठी चार वर्षं एवढी काळजी घ्यायला सांगितलं, तो असा मागमूस न ठेवता जाईल असं मला तरी वाटत नाही. पिल्लू दुसरं असेल, चुकून."

बाबा हसले आणि म्हणाले, "आमच्या थोरलीने जपली, तिच्या सेवेला यश आलं." बाईंनी माझ्याकडे बघितलं. बाई हुशार आहेत. विषय सोडून गाईकडे गेल्या.

तर घे. जिंकलीस. टाळ्या वाजव.

सात धागे मी एकदम कापले होते. सातही कापून मांडीवर ठेवले. तुझ्या अक्षरातला नियम समोर होता, म्हणूनच मोडला. कुत्री माझी, वेत माझं, रात्रंदिवस उकिडवं बसून पिल्लं बाहेर काढणारी मी, आणि मला भिंतीवरून शिकवणारी तू. बाबांची हाक आली तेव्हा सातही माना मोकळ्या होत्या. मक्यातून परत आले तर पिल्लांचा एकच ढीग. पाच तर डोळे मिटूनही ओळखली असती. उरल्या दोघी सारख्या. तोच तांबूस रंग, तोच गळ्याशी अर्धा पांढरा पट्टा, नाकावरची रेघही तीच. एकीने मान वर करून माझ्याकडे बघितलं, तिला लाल बांधला.

आणि पिल्लू द्यायच्या दिवशी तू म्हणालीस, "ताई, ही ती वाटत नाही गं मला. डॉक्टरांना एकदा परत बोलवू या." मी म्हटलं, "आपलं हसं करून घ्यायचंय का? सही कर." आणि तू केलीस, कारण मी थोरली. एवढी एक चूक तुझीही आहे. ती मी सोडणार नाही.

आता तुला एक गोष्ट सांगते, ती तुझ्या सहा पानांत नव्हती. पेशंट आजारी राहिली तरच मी खरी ठरत होते. म्हणून ती आजारी राहिली. ती कधी खेळण्यातला चेंडू तोंडात धरून आली की मी तो काढून घ्यायची. सगळे म्हणायचे, केवढा जीव लावलाय. आणि खरंच लावला होता गं, हीच तर गोम आहे. खोटं टिकवायला म्हणून जीव लावला आणि तो लागून बसला.

एवढं कळूनही पत्र मी लिहून देणार नाही. डॉक्टरीणबाई समजल्या, तू समजलीस, मी समजले. बाबांना समजायला नको. ते चार वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन म्हणतात, तू होतीस म्हणून मी तरलो. तुला तिकडे कुत्री आहे, पिल्लं होतील, नोकरी आहे. मला इथे हे एकच वाक्य आहे.

— ताई


२४ मार्च

धाकटीस,

पाच झाली, सगळी धडधाकट, कुत्री बरी आहे. एवढीच बातमी पाठवलीस. माझ्या मागच्या पत्राबद्दल अवाक्षर नाही. ‘ताई, शेवटी कबूल केलंस’ नाही, ‘थू तुझ्या तोंडावर’ नाही. वर विचारतेस काय, तर चौथं पिल्लू दूध ओढत नाही, काय करू?

तुला लाज नाही का? माझ्यासारख्या बाईला सल्ला विचारतेस?

त्याला मागच्या आचळाला लाव. पुढच्या आचळांत दूध कमी असतं, दांडगी पिल्लं मागची पकडून बसतात. दोन दांडगी उचलून बाजूला ठेव आणि याला एकट्याला दहा मिनिटं दे. आधी ऊबदार कर, गार पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही. तोंडात बोट घालून बघ, आतून गार लागलं तर आधी अंगाशी धर. दर तीन तासांनी वजन. काट्यावर ग्रॅमसुद्धा चढलं नाही तर डॉक्टर. हे सगळं तुला येतं. मग का विचारलंस? मला कळतंय का विचारलंस. असले डाव माझ्यावर चालत नाहीत.

काल बाबा पेशंटला घेऊन बांधापर्यंत गेले. बाईंनी पळवा म्हटलं ना, त्यांना कोण आनंद! पट्टा काढला, टाळी वाजवली, "पळ गं, पळ." ती त्यांच्या पायापाशी बसली. बाबांनी चेंडू टाकला. तिने चेंडूकडे बघितलं आणि मग मागे वळून घराकडे, माझ्याकडे बघितलं. मी खिडकीत होते. परवानगी मागत होती, शहाणे. चार वर्षांची धडधाकट कॉर्गी, जिच्या आईने तीस गाई हाकल्या, ती चेंडू उचलायला माझी परवानगी मागत होती.

बाबा परत येऊन म्हणाले, "बिचारी, सवयच राहिली नाही." मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

सभेला सहा दिवस उरलेत. मला आठवण करून देऊ नकोस.

— ताई


२८ मार्च

धाकटीस,

हे पत्र टपालाने येत नाही, बाबांच्या कोटाच्या खिशातून येतंय. त्यांनी ते वाचलेलं नाही. मी वाचून दाखवते म्हटलं तर म्हणाले, "नको, तुझं वाचून दाखवणं बास झालं."

सांगितलं मी. कालच्या संध्याकाळच्या धारेला. यंत्र बंद झालं होतं, बाबा बादली उचलत होते.

मी म्हटलं, "बाबा, धागे मी एकदम कापले होते."

"कसले धागे?"

"पिल्लांचे. शाळेतल्या बाईंच्या मुलीला दिलेलं पिल्लू खरं लाल धाग्याचं होतं. धाकटी खरं बोलत होती."

बादली त्यांच्या हातातच होती. मग म्हणाले, "हे तुला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा."

"नीट सांग."

बघ, कबूल करतानासुद्धा मी खोटंच बोलले होते. मग सांगितलं, "शाळेतल्या बाई मेलेल्या पिल्लाचा पट्टा परत द्यायला आल्या, त्याच दिवशी."

"म्हणजे मी धाकटीला ओट्यावर उभं करून बोललो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"तुमच्या मागे. दारात."

"मी म्हणालो, स्वतःची चूक बहिणीवर ढकलणारी मुलगी माझी नाही. ऐकलंस?"

"ऐकलं."

त्यांनी बादली खाली ठेवली. मला वाटलं आता हात उचलतील. मला तर तेच हवं होतं. पण ते म्हणाले, "कागद आण." मी सगळं लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, शब्द न् शब्द वाचला, सही केली. तो कागद सोबत आहे. त्यात ‘कोणाच्याही’ नाही. माझं नाव आहे, तारीख आहे, सात धागे आहेत, फॉर्मवर सही मी दटावून घेतली तेही आहे. खाली बाबांनी स्वतःहून एक ओळ घातली आहे: ‘माझ्या धाकट्या मुलीला मी चुकीचं बोललो.’ संघाला त्याची काही गरज नव्हती. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "संघासाठी नाही लिहिली."

शाळेतल्या बाईंच्या घरी मी आज सकाळी जाऊन आले. त्यांनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि लावून घेतलं. त्यांची मुलगी आता उंच झालीय. ती मागे जिन्यात उभी होती.

सही झाल्यावर बाबांनी तुझी जुनी वही मागितली. पानं उलटून म्हणाले, "पेशंट वहीत कुणाच्या नावावर आहे?"

"धाकटीच्या. तिनेच ठेवून घ्यायची म्हटली होती."

"मग तिला घेऊन जातो."

"बाबा, चार वर्षं मी सांभाळलीय तिला."

"हो," म्हणाले. "म्हणूनच नेतो."

मी खुंटीवरून तिचा पट्टा काढून दिला.

तेव्हा हे पत्र मिळेल तेव्हा बाबा तुझ्या दारात असतील आणि पट्ट्याला ती असेल. बाबांना माफी मागता येत नाही. ते हवापाण्याचं बोलतील, तुझ्या दाराची कडी ढिली आहे म्हणतील, ती बसवायला घेतील. त्यांना बसवू दे. त्यांचा रक्तदाबाचा डबा पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात आहे.

माझं म्हणशील तर मी माफी मागत नाही. तू देऊन टाकशील, मला माहीत आहे तुझा स्वभाव, आणि मग आयुष्यभर तुझ्या चांगुलपणाखाली राहायचं हे मला जमणार नाही. तुझा राग मला सोसतो. तो ठेव. पिल्लांचा फोटो पाठवू नकोस. ‘ताई, ये’ असं तर मुळीच लिहू नकोस. लिहिलंस तर मी येईन, आणि पहिल्या तासाभरात आपण भांडू.

आता पेशंटबद्दल, कारण हे बाबांना ठाऊक नाही. आधी तिला नाव ठेव. मी कधी ठेवलं नाही. ती डाव्या कुशीवर झोपते, ताटलीपेक्षा वाटीत जास्त खाते, विजेच्या आवाजाला भीत नाही, पिंपाच्या झाकणाला भिते. तुझ्या पिल्लांपाशी तिला पहिल्या दिवशीच सोडू नकोस, तुझी कुत्री फाडून खाईल.

आणि तुझ्या दाराला तीन पायऱ्या आहेत असं बाबा म्हणाले. तिला पायरी उतरता येत नाही. येत नाही म्हणजे मी कधी उतरू दिली नाही, रोज उचलून खाली ठेवायची. सकाळी ती वरच्या पायरीवर बसेल आणि दोन्ही बाजूंना बघत राहील. उचलू नकोस. कितीही वेळ बसली, कशीही रडली तरी उचलू नकोस. मी येत नाही हे तिला कळलं की उतरेल.

— थोरली